गाण्यातलं इंग्रजी आणि अर्जातलं इंग्रजी

माझं इंग्रजी चांगलं आहे असा आमच्या शाखेत एक समज आहे. तो मी पसरवलेला नाही, पण खोडूनही काढलेला नाही. बँकेत इतकी वर्षं काढलेल्या कारकुनाच्या खात्यावर दुसरं काही जमा नसतं, तेव्हा एखादा गैरसमज तरी शिल्लक असावा! हेड ऑफिसला पत्र पाठवायचं असलं की मॅनेजरसाहेब मला हाक मारतात. मी चष्मा पुसतो, पेनाचं टोपण चावतो, छताकडे बघतो. त्यांना वाटतं मी शब्द शोधतोय. मी मनातल्या मनात गाणं म्हणत असतो. कारण माझं निम्मं इंग्रजी शाळेतलं नाही, सिनेमाच्या गाण्यांतलं आहे. चाल लागल्याशिवाय शब्द वर येत नाही.

तसं पाहिलं तर कचेरीची भाषा शिकण्याची आमच्या घराण्यात जुनी परंपरा आहे. आजोबांच्या वेळी नांदेड निजामाच्या राज्यात होतं. कचेरी उर्दूत, दप्तर उर्दूत. हैदराबादेत १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं, तिथं तर पुढे डॉक्टरी आणि इंजिनिअरिंगसुद्धा उर्दूतून शिकवत. आजोबांनी पोटापुरती उर्दू कमावली आणि तहसिलीत चिकटले. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य गेलं आणि त्यांची उर्दू एका दिवसात पेन्शनीत निघाली. शिल्लक राहिले ते ‘अर्ज’, ‘मंजूर’ आणि ‘मुलतवी’ हे तीन शब्द. सरकारी कामाला तेवढे आजही पुरतात.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यावरून धडा घेतला आणि इंग्रजी धरलं. पण शाळा नववीत सुटली. पुढे वजिराबादेत त्यांनी रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. दुकान कसलं, एका जिन्याखालची जागा. तिथं सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत कुठला ना कुठला रेडिओ गात असायचा. बरा झालेला रेडिओ गातो की नाही हे बघण्यासाठी आणि बिघडलेला का गात नाही हे बघण्यासाठी. या गाण्यांतून अण्णा इंग्रजी वेचायचे आणि पावतीपुस्तकाच्या मागे लिहून ठेवायचे.

आमचं पहिलं पाठ्यपुस्तक म्हणजे ‘दिल्ली का ठग’. सिनेमा १९५८ चा. त्यातल्या एका गाण्यात किशोरकुमार आणि आशा भोसले मांजराचं नि उंदराचं इंग्रजी स्पेलिंग सांगतात. मी शाळेत जायच्या आधी ही दोन जनावरं मला स्पेलिंगसकट येत होती. तेव्हा मराठी शाळेत इंग्रजी सुरू व्हायचं पाचवीत. पहिलीपासून ते आलं २००० साली, तोवर मी कॉलेजात पोचलो होतो. म्हणजे पाचवीपर्यंत आमच्या वर्गात इंग्रजीचा एकमेव विद्वान मीच.

ही विद्वत्ता पाचवीतच अंगाशी आली. ते १९९१ साल. त्याच वर्षी ‘सौदागर’ आला आणि गावभर ‘इलू’ झालं. गुरुजी म्हणाले, “इंग्रजीतला एक नवा शब्द सांगा, अर्थासह.” बाकीची पोरं पेन-पेन्सिलीत चाचपडत होती. मी उठून ‘इलू’ सांगितला. गुरुजींनी अर्थ विचारला. मी त्यांच्या डोळ्यांत बघून तिन्ही शब्द फोडून सांगितले. उरलेला तास मी वर्गाबाहेर उभा होतो. ‘स्टेशनरी’ या शब्दाचा एक अर्थ ‘जागेवर स्थिर’ असा आहे, हे मी कुठल्याही पुस्तकाआधी पायानं शिकलो.

अण्णांचं आवडतं पुस्तक मात्र ‘ज्यूली’. १९७५ च्या या सिनेमात प्रीती सागरनं गायलेलं एक गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत इंग्रजीत आहे. लिहिलं हरीन्द्रनाथ चट्टोपाध्याय यांनी. म्हणजे सरोजिनी नायडूंचे भाऊ. जन्म हैदराबादचा, म्हणजे अण्णांच्या हिशेबानं आपल्याच गावचे. त्या गाण्यात काळीज ‘बीट’ होतं. आता शाळेत आम्हाला ‘बीट’ म्हणजे मारणे असं शिकवलेलं. अण्णा रेडिओवर कान ठेवून ऐकायचे आणि काळजीनं म्हणायचे, “अरे, पण हिचं काळीज मारायलंय तरी कुणाला?”

हसू नका. खुद्द इंग्रजी घरात जन्मलेल्यांचंही असंच होतं. सिल्व्हिया राइट नावाच्या अमेरिकन लेखिकेनं लहानपणी आईच्या तोंडून एक जुना स्कॉटिश पोवाडा ऐकला. एका सरदाराला मारून हिरवळीवर टाकतात, अशी त्यात हकिकत. पोरीला ऐकू आलं की सरदाराबरोबर लेडी मॉन्डेग्रीन नावाची बाईही मारली. अशी बाई कधी झालीच नव्हती, पण ही बिचारी तिच्यासाठी हळहळली. पुढे १९५४ साली तिनं त्यावर लेख लिहिला, आणि चुकीच्या ऐकलेल्या गाण्याला इंग्रजीत ‘मॉन्डेग्रीन’ हेच नाव पडलं. आमच्याकडे नावं पडली नाहीत, एवढाच फरक. नाहीतर जिन्याखाली अशा दहा-बारा बाया निघाल्या असत्या.

पण अण्णांची खरी पदवी ‘अमर अकबर अँथनी’ची. १९७७ चा सिनेमा. ईस्टरच्या जलशात भल्यामोठ्या अंड्यातून अमिताभ बाहेर पडतो आणि गाण्याआधी इंग्रजीतले वजनदार शब्द धडाधड फेकतो. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. त्यात ‘हिमोग्लोबिन’ही येतं. अण्णांना ते सबंध पाठ होतं, आणि हा शब्द त्यांनी संसारात वापरायला काढला. अर्थ त्यांचा त्यांनीच बसवला होता, रुबाब. गिऱ्हाईक फार ऐटीत बोलायला लागलं की ते गेल्यावर म्हणायचे, “लई हिमोग्लोबिन हाय बरं का गड्यात!”

पुढे मला वाचनात आढळलं की त्या फैरीतला काही भाग ब्रिटनचे पंतप्रधान डिझरायली यांनी १८७८ साली ग्लॅडस्टन यांना मारलेल्या टोमण्याशी जवळपास शब्दाला शब्द जुळतो. मी धावत जाऊन अण्णांना सांगितलं. त्यांनी हिशेब केला. “लंडनहून नांदेडला यायला नव्याण्णव वर्षं लागली म्हण की. म्हणजे गाडी वेळेवरच हाय.”

अशा तयारीनिशी मी बी. कॉम. झालो आणि बँकेत लागलो. पहिली नेमणूक लातूरला, गंजगोलाईजवळच्या शाखेत. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. पहिला आठवडा मी रोज वेगळ्या रस्त्यानं शाखेत पोचत होतो. आत इंग्रजीचीही तशीच गोलाई. बाहेरून शब्द एकच दिसतो, आत शिरलं की रस्ते फुटतात. ‘प्रिन्सिपल’ शेवटी ए-एल असेल तर मुद्दल, एल-ई असेल तर तत्त्व. कर्जदाराकडे पहिलं मागितलं की तो दुसरं सांगायला लागतो. ‘स्टेशनरी’त ई असेल तर कागद-पेन, ए असेल तर जागेवर स्थिर. आमची मागणी वर गेली की ई-वाली जाते आणि ए-वाली होऊन राहते. वारसाला इंग्रजीत ‘एअर’ म्हणतात, पण स्पेलिंग बघून आम्ही सगळे ‘हेअर’ म्हणायचो. ते फारसं चुकीचं नव्हतं. हेअर म्हणजे केस, आणि वारस एकापेक्षा जास्त निघाले की केस होतेच.

नोकरीला चार महिने झाले नाहीत तोच नांदेडहून फोन आला. अण्णा दुकानात चक्कर येऊन पडले होते. पुरुषाच्या रक्तात शंभर मिलिलिटरला तेरा ग्रॅमच्या पुढे असायला हवं ते हिमोग्लोबिन त्यांच्यात सहा भरलं होतं. मी घाईघाईनं रजेचा अर्ज लिहायला बसलो. वडील आजारी, एवढंच लिहायचं होतं. ‘सिक’ हा शब्द मला येत होता, पण बँकेत सिक म्हणजे बंद पडायला आलेला कारखाना. अण्णांना तसं कसं म्हणायचं? तेवढ्यात समोरच्या कपाटावरची चिठ्ठी दिसली, ‘डिसीस्ड क्लेम्स’. ‘डिझीज’ म्हणजे आजार हे मला ठाऊक होतं. म्हटलं, हाच तो शब्द, कचेरीच्या कपड्यांतला. मी लिहिलं, माझे वडील नांदेड येथे ‘डिसीस्ड’ आहेत, रजा मिळावी. आणि खाली आशावादी माणसासारखं एक वाक्य जोडलं, ते लवकर बरे होतील अशी आशा आहे. अर्ज साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि एस.टी. पकडली.

अण्णांना रक्त चढवलं. डॉक्टर म्हणाले, “हिमोग्लोबिन फार कमी झालंय तुमचं.” अण्णा पडल्या पडल्या म्हणाले, “साहेब, जन्मभर दुसऱ्याचं मोजलं, आपलं बघायचंच राहिलं.” डॉक्टरांना काही कळलं नाही. मी तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहत राहिलो. त्या शब्दाचा खरा अर्थ मला त्या खाटेशी कळला.

पाचव्या दिवशी त्यांना घरी आणलं. रविवारी सकाळी दाराशी जीप थांबली. लातूरहून अहमदपूर-लोहा मार्गे आमची शाखा आली होती. मॅनेजर, हेड कॅशियर, दोन क्लार्क आणि शिपाई मामा. पाचही जणांच्या माना खाली. दार उघडलं अण्णांनी. बनियन, खांद्यावर टॉवेल.

“कोण पायजे?”

“आम्ही... लातूरच्या शाखेतून. त्यांच्या वडिलांचं कळलं, म्हणून आलो.”

“या की. मीच त्याचा बाप.”

यानंतर जी शांतता पसरली तिला इंग्रजीत शब्द असेल, माझ्याकडे नाही. शिपाई मामांनी तर उंबऱ्यावरच हात जोडले. शेवटी साहेबांनी खिशातून माझा अर्ज काढला. त्यातलं शेवटचं वाक्य वाचून त्यांना वाटलं होतं, पोरगं फार खचलंय, त्याला अजून पटत नाही. फोन करणं बरं दिसणार नाही, म्हणून सगळे जातीनं आले होते. हेड कॅशियर हळूच म्हणाले, “रजा मात्र तेरा दिवसांची मंजूर केलीय बरं का.”

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. अण्णांनी अर्ज हातात घेतला, बारकाईनं पाहिला आणि इतके हसले की आई आतून धावत आली. पोह्यांच्या दोन खेपा झाल्या. चहा झाला. मग पाहुण्यांच्या आग्रहावरून अण्णांनी खुर्चीत बसून अमिताभची ती सबंध फैर म्हणून दाखवली. हिमोग्लोबिनपाशी थांबून म्हणाले, “आता साडेनऊ हाय.”

पाहुणे गेल्यावर त्यांनी मला जवळ बसवलं. रेडिओचा नट आवळावा तसं एक एक अक्षर आवळत म्हणाले, “नीट ध्यानात ठेव. ‘डिझीज्ड’मधी झ हाय. झ म्हणजे झगडायलाय अजून. ‘डिसीस्ड’मधी स. स म्हणजे संपला. मी झ-वाला हाय. कळालं का?”

तेव्हापासून माझं ते स्पेलिंग कधी चुकलं नाही.

अण्णा पुढे अकरा वर्षं झगडले. मग एके दिवशी मी काउंटरच्या दुसऱ्या बाजूला, नांदेडच्या एका बँकेत, आईला शेजारी बसवून फॉर्म भरत होतो. नॉमिनी आई. खात्यात नऊ हजार सहाशे रुपये. पहिल्याच ओळीत विचारलं होतं, डिसीस्ड खातेदाराचं नाव. असे शेकडो फॉर्म मी लोकांना भरून दिलेत. पण तिथं पेन थांबलं. माझ्याआधी फॉर्म छापणाऱ्यानंच स घातला होता, आणि तो बरोबर होता. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, इथं एकदा, फक्त एकदा, स्पेलिंग चुकावं.

हल्ली माझ्या टेबलाशी गावाकडची एखादी बाई असा फॉर्म घेऊन येते आणि कागदावर बोट ठेवून विचारते, “साहेब, हितं काय लिवलंय?” मी त्या शब्दाचा अर्थ सांगत बसत नाही. “मालकांचं नाव सांगा, माय,” एवढंच म्हणतो आणि लिहून घेतो. तीन पिढ्या आम्ही कचेरीची भाषा शिकण्यात घालवल्या. एक वाक्य कचेरीनं शिकायला काय हरकत आहे?

आता घरात चौथी पिढी आहे. मुलगी इंग्रजी माध्यमात शिकली. इंग्रजीचं तिला कौतुक नाही. ती दिवसा लातूरला ‘नीट’चा क्लास करते आणि रात्री कानात बोंडं घालून कोरियन गाणी ऐकते. परवा भाकरी खाता खाता ती कोरियन भाषेत सलग दोन कडवी म्हणाली.

मी विचारलं, “अर्थ काय याचा?”

“अर्थ नाही माहीत बाबा. पण पाठ आहे.”

“असू दे,” मी म्हणालो. “पाठ करून ठेव. अर्थ मागच्या गाडीनं येतो.”