लीनची उतरंड

डेव्हिड लीनच्या चित्रपटांची क्रमवारी लावायला बसलं की बहुतेकांची पहिली दोन नावं ठरलेली असतात: 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' आणि 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'. दोघांनी प्रत्येकी सात ऑस्कर पटकावली, त्यामुळे वाद घालायचीही सोय नाही. माझी रचना मात्र जुन्या स्वयंपाकघरातल्या उतरंडीसारखी आहे. मोठी मडकी खाली, सगळ्यात लहान टोकाला. तिथे बसलाय 'ब्रीफ एन्काउंटर'. साल १९४५, कृष्णधवल, दीड तासाच्या आत संपणारा. दोघं विवाहित माणसं, तीही एकमेकांशी नव्हे, दर गुरुवारी भेटू लागतात. मग एका गुरुवारी शेवटचं भेटतात. एवढीच गोष्ट.

लीन हाडाचा संकलक. जन्म १९०८चा, लंडनजवळच्या क्रॉयडनमधल्या कडक क्वेकर घरातला. ज्या घरात सिनेमाचं नाव काढायची चोरी, तिथला हा मुलगा स्टुडिओत चहा पोचवण्यापासून सुरुवात करतो आणि दिग्दर्शक होण्याआधी ब्रिटनमधला नावाजलेला संकलक होतो. त्याचे उंट, पूल, बर्फ, आगगाड्या यांचं कौतुक पुष्कळ झालं. मला त्याची कात्री मोठी वाटते, म्हणून मी त्याला कात्रीवरच जोखतो.

'ब्रीफ एन्काउंटर'चं स्टेशन म्हणजे लँकेशरमधलं कार्नफोर्थ. महायुद्ध अजून संपलं नव्हतं. लंडनपासून इतक्या लांब, विमानं आलीच तर दिवे मालवायला वेळ मिळेल, असा हिशेब होता. सिनेमा सुरू होतो तेव्हा कॅमेरा उपाहारगृहाच्या मालकिणीची आणि तिकीट तपासनिसाची थट्टामस्करी ऐकत असतो. कोपऱ्यातल्या टेबलावर एक जोडपं गप्प बसलंय. तेवढ्यात डॉली नावाची ओळखीची बाई येऊन धपकन बसते आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुरू होतो. गाडीची वेळ होते. तो उठतो, जाता जाता सोबतिणीच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवतो आणि जातो. आपण फारसं लक्षही देत नाही.

शेवटाकडे तोच प्रसंग पुन्हा येतो. तेच टेबल, तीच डॉली, तोच हात. आता कॅमेरा लॉराच्या, म्हणजे सीलिया जॉन्सनच्या, जवळ आहे आणि हे दोघं जन्मात परत भेटणार नाहीत हे आपल्याला कळलेलं आहे. निरोपाचा एक शब्दही बोलता येत नाही, कारण समोर डॉली. दाबलेला तो खांदा पाहताना पोटात खड्डा पडतो. पहिल्या वेळी आपणही डॉलीइतकेच आंधळे होतो, हे लीन बोलून दाखवत नाही. अख्खं वाळवंट हाताशी असूनही त्याला पुढे याहून मोठं काही जमलं, असं मला वाटत नाही.

दुसरा अर्थातच 'लॉरेन्स'. तोही कात्रीमुळे. पीटर ओटूल जळती काडी फुंकतो आणि पडद्यावर वाळवंटातली पहाट उगवते. संकलन ॲन कोट्सचं. ज्या कासिमला लॉरेन्स मरणाच्या वाळवंटातून परत आणतो आणि पुढे ज्याला स्वतःच गोळी घालतो, तो आपला आय. एस. जोहर, हे कितीजणांच्या लक्षात असतं? तिसरा 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स': कबरस्तानात पिपवर झडप घालणारा कैदी पाहून आजही दचकायला होतं. चौथ्या जागी 'क्वाय'ला मागे सारून मी 'हॉब्सन्स चॉइस' ठेवतो. कुणाला पटो न पटो, डबक्यात पडलेल्या चंद्रामागे धावणारा झिंगलेला चार्ल्स लॉटन मला सोडवत नाही. 'डॉक्टर झिवागो' देखणा आहे, आणि देखणाच आहे. 'रायन्स डॉटर'ला समीक्षकांनी १९७०मध्ये इतकं सोललं की लीनने पुढची चौदा वर्षं चित्रपट केला नाही. शिक्षा गुन्ह्यापेक्षा फारच जबर.

आणि मग १९८४चा 'अ पॅसेज टु इंडिया'. मराठी माणसाला इथे ठेच लागते. मूळ कादंबरी लिहिणारा फॉर्स्टर १९२१मध्ये देवासच्या मराठा संस्थानिकाचा खासगी सचिव होता. त्याने रंगवलेले दख्खनी ब्राह्मण प्राध्यापक म्हणजे नारायण गोडबोले. लीनने या गोडबोल्यांसाठी निवडला ॲलेक गिनेस, तोंडाला रंग फासून! 'क्वाय'मधला हट्टी कर्नल म्हणून ऑस्कर मिळवलेला हा थोर नट इथे पाहवत नाही. त्याचा एक नाच तर लीनने संकलनातच उडवला. कात्री तेव्हाही शाबूत होती, फक्त ती आणखी चालायला हवी होती. पेगी ॲशक्रॉफ्टची मिसेस मूर आणि व्हिक्टर बॅनर्जीचा अझीझ यांच्यामुळे सिनेमा तरतो. माझ्याकडे तरीही तो खालच्याच थरात.

तुमची क्रमवारी वेगळी असेल तर खुशाल असू द्या. फक्त 'ब्रीफ एन्काउंटर' संपला की बंद करू नका. लगेच सुरुवातीची दहा मिनिटं पुन्हा बघा आणि मग आकडे टाका.