मेंटेनन्सचं गणित

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीचा मेंटेनन्स यंदा २८०० वरून ३९०० झाला आणि व्हॉट्सॲपवर महायुद्ध पेटलं. "आधीची कमिटी बरी, पाच वर्षं एक पैसा वाढवला नाही!"

मी सवयीप्रमाणे एक्सेल उघडलं. वॉचमन, पाणी, वीज.. यातली वाढ किरकोळ. खरी वाढ सिंकिंग फंड आणि दुरुस्ती निधीतली. उपविधींप्रमाणे दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंडात आणि ०.७५ टक्के दुरुस्तीसाठी जमायला हवेत. आमच्याकडे पाच वर्षं जवळपास काहीच नाही! आता लिफ्ट बदलायचीय, गच्ची गळतेय. म्हणजे वाढ टळली नव्हती, नुसती पुढे ढकलली होती.

तळमजल्यावरचे पेन्शनर काका म्हणाले, "तुझा पगार वाढतो रे, माझं काय?" बरोबरच होतं त्यांचं. दरवर्षी सव्वादोनशे वाढले असते तर त्यांनी कुरकुरत का होईना, भरले असते. एकदम अकराशे कुठून आणणार? ज्यांच्यासाठी म्हणून वाढ थांबवली, दणका त्यांनाच बसला.

सभेत मी दोनच गोष्टी मागितल्या: ही वाढ टप्प्याटप्प्याने करा, आणि यापुढे दरवर्षी थोडी थोडी वाढवा. बरीच वादावादी झाली, पण ठराव झाला.

असो. तुमच्या बिलात सिंकिंग फंडाचा रकाना आहे का, बघा जरा!