निरोप आणणारी

परवा डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर यायची वाट पाहत भिंतीवरचा तक्ता वाचत होते. डोळ्यातल्या रंगीत पडद्यापाशी बाण काढून लिहिलं होतं, ‘आयरिस’. एकदम वडील आठवले.

वडील तारवाले. घर जवळ आलं की गल्लीच्या तोंडाशीच सायकलवरून उतरायचे, उरलेलं अंतर चालत जायचे. तारवाला भरधाव येताना दिसला की बायका दारातच मटकन बसतात, म्हणायचे. खिशात शाईचं पेन असे, पोचेवर सही घ्यायला. निबवर बारीक अक्षरांत ‘इरिडियम’ कोरलेलं. 1803 साली लंडनमध्ये स्मिथसन टेनंटला हा धातू सापडला. त्याचे क्षार नाना रंगांचे निघाले, म्हणून इंद्रधनुष्याच्या ग्रीक देवतेचं, आयरिसचं, नाव त्याला मिळालं.

त्या नावामागोमाग मी कॉलेजात होमरपर्यंत पोचले. ‘इलियड’मध्ये देवांचे निरोप आयरिस नेते. तेविसाव्या सर्गात वारे जेवायला बसलेत. जो तो तिला आपल्याजवळ बसायला बोलावतो. ती दगडी उंबऱ्यावरूनच निरोप सांगते आणि निघते. चोविसाव्यात ती प्रायमकडे येते. मुलगा मारला गेलाय, म्हातारा राजा अंगणात अंगभर घाण माखून बसलाय. ती हलक्या आवाजात बोलते, तरी त्याला कापरं भरतं.

वडीलही कुणाकडे बसले नाहीत. ज्यांना वाचता येत नसे त्यांना तार उभ्यानेच वाचून दाखवायचे. अशा एखाद्या दिवशी घरी येऊन जेवले नाहीत, तर आई काही विचारायची नाही, ताट झाकून ठेवायची. एकदा मी विचारलं, आज कुणाकडे गेला होतात? त्यांनी पेन माझ्या वहीवर ठेवलं. म्हणाले, “लिही काहीतरी. चालतंय का बघ.”

‘ओडिसी’वर माझा राग आहे. तिथे आयरिस नाहीच. निरोप हर्मीस नेतो. तिचं नाव उरतं ते एका भिकाऱ्याला. त्याचं खरं नाव आर्निअस. सांगितलेले निरोप पोचवतो म्हणून गावातली पोरं त्याला ‘आयरस’ म्हणतात. ओडिसियस ठोसा मारून त्याची हाडं मोडतो, पायाला धरून फरफटत बाहेर नेतो आणि जमलेले सगळे पोट धरून हसतात. ते हसणं मला आजही वाचवत नाही.

जुलै 2013 मध्ये आपल्याकडची तार बंद झाली. मुलांना ग्रीक कथा सांगाल तेव्हा ट्रॉयचा घोडा सांगाच, पण प्रायमच्या अंगणात आलेली आयरिसही सांगा.