शटर वर करा ना, काका!

मंगळवारी प्रभादेवीत ऑफिसला पोहोचणं म्हणजे काय, हे तिथे नोकरी करणाऱ्यालाच कळतं. सिद्धिविनायकाची रांग, फुलवाले, पेढेवाले, टॅक्सीवाले आणि त्यातून वाट काढत पंचिंगची वेळ गाठणारे तुम्ही-आम्ही. या सगळ्यात एक गोष्ट आपल्याला दिसतच नाही. बंद शटर्स. मलाही दिसत नव्हती. दाखवली ती माझ्या मैत्रिणीनं.

ही मैत्रीण प्रभादेवीच्याच चाळीत वाढलेली. जे. जे.मध्ये शिकली, आता पोटासाठी जाहिरात एजन्सीत लेआउट करते आणि स्वतःसाठी इन्स्टॉलेशन्स. तिची आजी गिरणी कामगारांची खानावळ चालवायची. आजी गेल्यावर माळ्यावर सापडली तीस ताटं. प्रत्येकावर एकेका कामगाराचं नाव कोरलेलं. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आजीकडे जेवणारे हळूहळू गावी गेले. बरेचसे परत आलेच नाहीत. ताटं मात्र राहिली.

मैत्रिणीला ती ताटं पंगतीसारखी मांडायची होती. तीस पाट, तीस ताटं, बस्स. मी म्हटलं, "गॅलरीत का नाही?" तर म्हणाली, "गॅलरीत मांडली तर लोक हाताची घडी घालून बघतील. रस्त्यावरच्या गाळ्यात मांडली तर आत येऊन विचारतील, जेवण कधी वाढणार?"

मग एका शनिवारी आम्ही दोघी गाळा शोधायला निघालो. सुरुवात स्टेशनपासून. २०१८ पर्यंत या स्टेशनाचं नाव एल्फिन्स्टन रोड होतं. बाजूचा जुना पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडण्यासाठी बंद झाला, त्यामुळे नेहमीची वाटच बदललेली. तिथून सयानी रोडनं रवींद्र नाट्यमंदिर आणि पुढे सेंच्युरी बाजारपर्यंत. बंद शटर्स मोजत होतो. चौदानंतर मोजणं सोडलं. कुठे बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला निघालेली, कुठे भावाभावांत वाद, कुठे पागडीचा घोळ. डोक्यावर काचेचे टॉवर्स, ज्यात आपण एसीत बसतो. त्यातले काही तर गिरण्यांच्याच जागेवर उभे आहेत. स्टेशनजवळची ज्युपिटर मिल २००५ मध्ये २७६ कोटींना विकली गेली होती. इतक्या महाग जमिनीवरचा गाळा वर्षानुवर्षं रिकामा कसा राहू शकतो?

उत्तर मिळालं एका काकांकडे. कटलरीचं दुकान होतं त्यांचं, बंद करून सहा वर्षं झाली. त्यांनी आम्हाला चहा पाजला, ताटांची गोष्ट मन लावून ऐकली आणि म्हणाले, "नाही."

"पण काका, श्रावणात तर तुम्ही गाळा गणपतीच्या मूर्तीवाल्याला देता ना?"

"गणपती येतो आणि जातो, बाळ. तू नाही गेलीस तर?"

हसू नका. या भीतीला इतिहास आहे. १९४७ च्या भाडे कायद्यानं मुंबईत जुन्या जागांची भाडी १९४० च्या पातळीला बांधली आणि भाडेकरूला बाहेर काढणं जवळपास अशक्य झालं. मालकांनी पळवाट काढली, भाडेकरू ठेवायचाच नाही, लिव्ह अँड लायसन्सवर द्यायचं. तर १९७३ मध्ये कायदा बदलला आणि १ फेब्रुवारीला जे लायसन्सवर जागेत होते, ते संरक्षित भाडेकरू झाले! काकांच्या वडिलांची एक खोली अशीच कायमची गेली होती. तेव्हापासून घरात एकच नियम, रिकामं राहिलं तरी चालेल.

पण तेव्हाचा कायदा आज नाही. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्रात नवा भाडे नियंत्रण कायदा लागू आहे. त्यानुसार करार लेखी आणि रजिस्टर केलेला हवा. लायसन्स म्हणजे वापरायची परवानगी, भाडेकरूचा हक्क नव्हे. फ्लॅटसाठी अकरा महिन्यांचा करार तुम्हीही केला असेलच की!

आणि बॉस, याच आयडियावर एका शहराचा मेन रस्ता जागा झाला होता. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलमध्ये मोठा पोलाद कारखाना १९९९ मध्ये बंद पडला, गावातल्या हंटर स्ट्रीटवर दुकानांमागून दुकानं रिकामी होती. २००८ मध्ये मार्कस वेस्टबरी नावाच्या माणसानं 'रिन्यू न्यूकॅसल' सुरू केलं. मालकांकडून जागा मागितली ती भाड्यानं नाही, लायसन्सवर. भाडेकरू मिळाला तर तीस दिवसांच्या नोटिशीवर रिकामी करून देणार. कलाकार, कारागीर आत आले आणि रस्त्यावर पुन्हा वर्दळ झाली. २०१९ पर्यंत हे चाललं. मुंबईत २०१७ मध्ये ससून डॉकची गोदामं कलाकारांना मिळाली, तेव्हा कोळंबीच्या वासातही तिथे गर्दी झालीच होती. पण ते डॉक होतं. दहा बाय बाराच्या गाळ्यासाठी आपल्याकडे मालकाशी बोलणारं कोण?

आम्ही काकांकडे चार वेळा गेलो. चौथ्यांदा मैत्रिणीनं एक ताट सोबत नेलं. काकांनी ते उलटसुलट केलं, नावावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "विसर्जन कधी?"

"अठरा जानेवारी."

"लिहून दे. आणि करार रजिस्टर करायचा खर्च तुझा."

शटर नऊ जानेवारीला वर गेलं. भाडं घेतलं नाही, विजेचं बिल मात्र आधी मागितलं! दहा दिवसांत गळ्यात आयकार्ड अडकवलेली मंडळी लंच अवरमध्ये आली, शाळेची पोरं आली. बऱ्याच जणांनी दारातच चपला काढल्या, कुणी सांगितलं नव्हतं तरी. एक आजोबा प्रत्येक ताटावरचं नाव वाचत गेले. शेवटी म्हणाले, "यातलं कुणी ओळखीचं नाही. पण आमच्या खानावळीतही अशीच होती." आणि कोपऱ्यातल्या पाटावर जाऊन बसले, बराच वेळ.

तुम्हीही कधी लंचनंतर दहा मिनिटं चालून बघा. मेट्रोचं सिद्धिविनायक स्टेशन मे २०२५ पासून आहेच. बंद शटर दिसलं तर शेजारच्या दुकानात विचारा, मालक कोण? बहुतेकांना माहीत असतं.

अठराच्या रात्री ताटं गोणपाटात बांधली, फरशी पुसली. काकांनी शटर ओढलं, कुलूप लावलं, दोनदा हिसका देऊन बघितला. मग किल्ली खिशात टाकत म्हणाले, "गणपतीवाला ऑगस्टमध्ये येतो. त्याच्या आधी तसा रिकामाच असतो गाळा."