दरपत्रकातली जाडी

बंगळुरूतील आमच्या कार्यालयाच्या वाहनतळावर पट्टे आखायचे होते. तीन दरपत्रके आली. सर्वांत कमी दराची शिफारस मी केली. लेखापरीक्षकांनीही चकार शब्द काढला नाही. पहिल्याच पावसाळ्यात पट्टे पुसले गेले आणि चाकांच्या खुर्चीवरून येणाऱ्या आमच्या सहकारी बाईंच्या राखीव जागेत कोणाचीही गाडी उभी राहू लागली. मी धारिका पुन्हा उघडली. स्वीकारलेला दर साध्या रंगाचा होता, उरलेले दोन तापवून अंथरायच्या थर्मोप्लास्टिकचे. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या विनिर्देशांत त्याची जाडी २.५ मिलिमीटर दिली आहे. माझ्या मागणीपत्रात ना साहित्य होते, ना जाडी! ठेकेदाराला बोल कसा लावणार? दोन्ही लिहून दरपत्रके पुन्हा मागवली. या वेळी तिन्ही दरांत फारसे अंतर नव्हते.