राहून गेलेला प्रश्न

१९७६ साली आम्ही इंदुरात बी. एस्‌सी.च्या पहिल्या वर्षास प्रवेश घेतला. शाळेत गणितात अग्रेसर असलेले आम्ही कलनाच्या पहिल्याच पायरीवर अडलो. क्षच्या वर्गाचे विकलन चालले होते. अध्यापकांनी क्षमध्ये ‘ह’ ही अल्प वाढ केली, वर्गांच्या फरकास ‘ह’ने भागले, उत्तर आले दोन क्ष अधिक ह. मग तो ‘ह’ शून्य मानून पुसून टाकला. शून्यच असेल, तर त्याने भागले कसे? नसेल, तर पुसला कसा? बावळट ठरू या भयाने प्रश्न ओठांतच राहिला. पाया कच्चा ठेवून पुढचे पाठ करीत गेलो, वर्षाअखेर नापास झालो आणि कला शाखेची वाट धरली. पुढे महसूल खात्यात जमिनींचे सीमांकन करण्यात हयात गेली. गणितातली ‘सीमा’ तेवढी राहून गेली.

परवा पुतण्याची कन्या वही घेऊन आली. “आजोबा, हा ‘ह’ गेला कुठे?”

आम्ही चमकलो. दोघांनी मिळून पुस्तके धुंडाळली. हाच आक्षेप बिशप बर्कली यांनी १७३४ साली न्यूटनच्या पद्धतीवर घेतला होता! कोशी यांनी १८२१ मध्ये कलनाची मांडणी सीमेच्या कल्पनेवर केली; वायरश्ट्रास यांनी तिला काटेकोर रूप दिले. ‘ह’ शून्य होतच नाही. तो शून्याच्या जवळ नेऊ तसतसे उत्तर दोन क्षच्या हवे तितके जवळ येते.

पंडितांना शतकभर पुरलेल्या शंकेची आम्ही लाज बाळगली. मुलीला एवढेच म्हणालो, “बाळ, उद्या वर्गात हे विचार.”