सहावी सेवा

यंदाच्या गणेशोत्सवात आमच्या मंडळाने आमच्यावर व्याख्यान लादले. की आम्ही ते श्रोत्यांवर लादले, हा प्रश्न निराळा. दिल्लीत बदलून आलेल्या मराठी माणसाला नाटकात काम जमत नसेल, तर त्याची व्याख्यानातून सुटका नसते. आम्ही विषय घेतला ताराबाई मोडकांचा.

विषय रंगला म्हणतात. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीस बालशिक्षणाचे केंद्र काढले. पाड्यांवरची मुले शाळेकडे फिरकेनात, तेव्हा त्यांनी आणि अनुताई वाघांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. मॉन्टेसरीबाईंची महागडी साधने बाजूस ठेवून शिंपले, बिया, गोटे यांवर मोजणी शिकविली. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळाही भरविली. आम्ही हे सारे सांगितले, टाळ्या घेतल्या आणि शाल-श्रीफळ सांभाळीत घरी आलो.

आमच्या सरकारी वसाहतीत जिन्याखाली एक बाई कोळशाची इस्त्री चालविते. तिचा चार वर्षांचा मुलगा दिवसभर तेथेच असतो. निखाऱ्यांपाशी जाऊ नये म्हणून त्याच्या पायाला जुन्या ओढणीचे टोक बांधलेले असते. त्या संध्याकाळी तो कोळशाचे तुकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडीत बसला होता. आम्ही जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर थबकलो. तासाभरापूर्वी हेच तर आम्ही ध्वनिक्षेपकावरून वर्णिले होते!

“याला आंगनवाडीत का धाडीत नाही?” आम्ही आमच्या हिंदीत विचारले. अंगणवाडी वसाहतीमागच्या गल्लीतच आहे.

“बाबूजी, वह तो राशनकार्डवालों के लिए है। हमारा कार्ड तो गाँव में है।”

वर गेल्यावर ही हकिकत घरी सांगितली. सौभाग्यवतीने कुकर उतरवीत एवढेच विचारले, “अहो, पण कार्ड लागत नाही, हे तुम्हाला ठाऊक होते ना?”

ठाऊक होते. नोकरीच्या आरंभीची दोन वर्षे आम्ही याच विषयावरील संसदीय प्रश्नांची उत्तरे टंकित करण्यात घालविली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांपासून योजना सुरू झाली, हे वाक्य किती उत्तरांत डकविले याची गणती नाही. दारिद्र्यरेषेची अट अंगणवाडीला लावू नये, हा सर्वोच्च न्यायालयाचा ७ ऑक्टोबर २००४ चा आदेशही आम्हाला तारखेसह पाठ. आणि त्या सहा सेवा! पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, शाळापूर्व शिक्षण; सहावी, पोषण व आरोग्याविषयी मातांचे शिक्षण. पहिल्या पाचांचे काही ना काही मोजता येते: वर्षाचे ३०० दिवस आहार, इतक्या लशी, इतकी वजने. सहावी म्हणजे नुसते बोलणे. म्हणून ती यादीत शेवटी आणि आमच्या ध्यानातही शेवटी.

मुलांच्या शैक्षणिक भत्त्याचे परिपत्रक निघाले, की ते संध्याकाळच्या आत वसाहतीचे चारही मजले चढते. दुसऱ्याच्या मुलाविषयीचा आदेश मात्र वीस वर्षांत हा एक जिना उतरला नव्हता. आणि त्या जिन्यावरून आम्ही रोज दोनदा ये-जा करीत होतो.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची नैमित्तिक रजा टाकून मायलेकरांबरोबर गेलो. सेविकेने नाव लिहून घेतले. कार्ड मागितले नाही. ‘वसाहतीत कधी चौकशीला आला नाहीत?’ असे आम्ही जरा अधिकाऱ्याच्या सुरात विचारले. ती शांतपणे म्हणाली, “आई थी जी. गार्ड ने फाटक से लौटा दिया. बोला, यहाँ सब अफसर रहते हैं.”

पुढल्या रविवारी आम्ही जिन्याखाली चारपाच बाया जमविल्या. खिशात दोन पानांचे हिंदी टिपण होते. त्यात पोषणाची व्याख्याही होती. आम्ही घसा साफ करतो न करतो तोच इस्त्रीवाली बोलू लागली: कार्ड लागत नाही, जेवण ताजे मिळते, दुपारपर्यंत पोर निखाऱ्यापासून लांब राहते. भांडीवालीने विचारले, सुईने ताप आला तर? त्याचेही उत्तर तिनेच दिले. सेविकेकडून ऐकलेले, पण स्वतःच्या शब्दांत. आमचे टिपण खिशातच राहिले.

सोमवारी मागच्या गल्लीत पाच नवी मुले गेली. पाचवी फाटकावरच्या गार्डची नात होती.